होडीत फोन उंच धरणारा माणूस

मंदीच्या वर्षी दुबईतली आम्ही काही मराठी कुटुंबं आफ्रिकेत नदीवरच्या सफारीला गेलो होतो. होडीत माझ्यापुढे एक गृहस्थ बायको आणि छोट्या मुलीसोबत बसत. गाईडने मगर दाखवली की सगळ्यांचे कॅमेरे तिकडे वळत. हे मात्र रेंजसाठी फोन उंच धरून बसत.

"अहो, मगर बघा! ऑफिस कुठे पळून जातंय?" मी म्हणालो. सगळे हसले.

ते ओशाळून म्हणाले, "ऑफिस नाही हो पळत. आपल्यालाच पळवतात."

परतल्यावर दुबईच्या पासपोर्ट काउंटरवर ते माझ्यापुढेच होते. ऑफिसरने स्क्रीन पाहिली. "व्हिसा कॅन्सल. खलास." कंपनीने मागच्या मागे काम उरकलं होतं. नोकरीबरोबर तिघांचाही व्हिसा गेला होता.

"बाबा, आर वी नॉट गोइंग होम?" मुलीने विचारलं.

त्यांनी माझ्या हातात चावी कोंबली, अल बर्शातल्या फ्लॅटचा नंबर सांगितला. "घरात मांजर आहे. तेवढं बघा." मग तिघांना आत नेलं आणि तिथूनच भारतात परत पाठवलं.

मांजर आमच्याकडेच म्हातारं होऊन गेलं. टूरवाल्याकडे त्यांचा फोन नंबर होता. पण होडीतलं आमचं ते हसणं आठवायचं आणि मी फोन करायचं टाळायचो. ती मुलगी मांजराला काय हाक मारायची, एवढंसुद्धा मी विचारलं नाही.