शटरच्या आतला धूर

माझी धाकटी जाऊ दैवशाला तशी लय भित्री. पाल दिसली तरी बाजेवर चढायची. पण तिचा नवरा, म्हणजे माझा दीर सूर्यभान, खोकायला लागला की तिचं भ्या कुठं पळायचं कोण जाणे.

सूर्यभान गंगाखेडात नागनाथच्या वर्कशॉपात लेथ मशीन चालवायचा. साखर कारखान्याचं मोडकं सामान तिथं यायचं. लोखंड कापताना त्याच्यावर तेलाची धार सोडतात. तापल्या लोखंडावर तेल पडलं की धुकं उठतं, ते नाकातोंडात जातं. सूर्यभान घरी येऊन बरगड्या धरून खोकायचा. उशीलासुद्धा तेलाचा वास.

दैवशालानं मालकाकडं गाऱ्हाणं नेलं. नागनाथ माणूस वाईट नव्हता, पण डोकं भलतीकडंच चालायचं. त्यानं मशीनचं तेल बंद करून करडईचं आणलं.

"खायचं तेल हाय वैनी, ह्याचा धूर बाधत न्हाई!"

आमाला बी पटलं. वास भज्यावानी सुटला, माश्या येऊ लागल्या, म्हणून होती ती खिडकीही लावून टाकली. मी म्हणले, "आता नुसता कांदा चिरून न्या." खोकला मात्र वाढतच गेला.

विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल लागला त्या जानेवारीत गावात लय तणाव होता. बाजार बंद. नेमका तेव्हाच कारखान्याचा मोठा दांडा दुरुस्तीला आला, तिकडं ऊस गाड्यांवर वाळायलेला. नागनाथनं शटर ओढून आत काम लावलं आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून फटींत पोती कोंबली.

दैवशाला भाकरी घेऊन निघाली, मी तिच्या मागं. शटरखालून निळसर धूर येत होता. आतून सूर्यभानचा खोकला ऐकू येत होता. मग खोकला थांबला. मशीन चालूच.

दैवशालानं शटरवर थाप मारली. "मालक, उघडा!"

"गप बसा वैनी! लोक येतील."

"येऊ द्या! माझा माणूस मरायलाय आत!"

चौकातली माणसं काठ्या घेऊन आमच्याकडं वळली. मी तिचा पदर ओढला, तिनं माझा हात झिडकारला.

"बंद असताना मशीन कोण चालवायलंय?" एक जण ओरडला.

"ते मागून इचारा. आधी शटर उचला!"

त्याला धुराचा वास आला असावा. त्यानं काठी टाकली आणि शटरला हात घातला. आतून नागनाथनं एकदाचं कुलूप काढलं. शटर वर गेलं तसा धुराचा लोट अंगावर आला. सूर्यभान मशीनच्या पायाशी पडलेला, ओठ काळेनिळे. त्याच माणसांनी त्याला उचलून बाहेर लिंबाखाली ठेवलं. किती येळ गेला देव जाणे, मग त्यानं श्वास ओढला.

"मावशी, दवाखान्यात न्या," काठीवाला मला म्हणाला. "चला, मी येतो सोबत, वाटेत कुणी आडवायचं न्हाई."

होळीपर्यंत सूर्यभान घरीच होता. मग नागनाथ आला. "भिंतीत पंखा बसवलाय वैनी, आता धाडा त्याला."

दैवशाला स्वतःच बघायला गेली. बंद मशीनसमोर सूर्यभानला उभं केलं, लोखंड कापतात तिथं उदबत्ती धरली आणि पंखा लावायला सांगितला. धूर सरळ सूर्यभानच्या तोंडावरून भिंतीकडं गेला.

"न्हाई जमायचं," ती म्हणाली.

नागनाथ चिडला. "मग काय मशीनच्या बोकांडी बसवू पंखा?"

"व्हय, तितंच बसवा."

बडबडत का होईना, त्यानं मशीनवर पत्र्याचं नरसाळं टांगलं. त्याला नळा जोडून छपराबाहेर काढला आणि पंखा नळ्यात बसवला. दैवशालानं पुन्हा उदबत्ती धरली. धूर आधी सूर्यभानकडं झुकला. मग तो वळला आणि नरसाळ्यात शिरला.

"करा चालू," दैवशाला नवऱ्याला म्हणाली. "मी हाय हितंच."

आणि तेलाची धार लागली तशी ती पोतं अंथरून दिवसभर त्याच्याजवळ बसून राहिली. सूर्यभान अधूनमधून खोकला, पण मशीन सोडून खाली बसावं लागलं न्हाई.