हिरूबाई आणि श्वास घेणारी जमीन

अन्याय झाला तो हिरूबाईंवर. यंदाच्या, म्हणजे शहाण्णव सालच्या, चैत्री अमावास्येला, दुपारी सव्वा वाजता, ऐरोलीच्या एका बंगल्याच्या साइटवर, पंधरा मजुरांच्या देखत. कॉन्ट्रॅक्टर कदमांनी त्यांच्या हातातलं घमेलं हिसकावलं आणि त्यांना करणी करणारी ठरवून हाकललं. तिथला सुपरवायझर मी होतो. नुकताच डिप्लोमा झालेला आणि तोंड शिवलेला.

काम साधं होतं. गॅरेजची जमीन. बंगल्याचे शेठ आंब्याचे व्यापारी. त्यांना गॅरेजमध्येच पेट्या ठेवायच्या होत्या, म्हणून खालून उष्णता आणि ओल येऊ द्यायची नव्हती. मुरुमाचा भराव ठोकायचा, त्यावर जाड काळं प्लास्टिक, त्यावर थर्माकोलच्या शीट, वर सळईची जाळी. चारही बाजूंनी लाकडी फळ्यांचं शटरिंग, म्हणजे ओल्या काँक्रीटला धरून ठेवणारा साचा. मग स्लॅब ओतायचा. खाडी दोन हाकांवर होती. त्याचा विचार कागदावर कुणीच केला नव्हता.

त्या दुपारी जेवणाची सुट्टी होती. वारा पडलेला. मिक्सर बंद. आणि गॅरेजमधून आवाज आला. थर्माकोल थर्माकोलवर घासल्याचा. मी डोकावलो. आत कुणी नव्हतं. सळईची जाळी मधोमध बोटभर वर आली, थांबली आणि हळूच खाली बसली. पुन्हा वर आली. झोपलेल्या माणसाची छाती हलावी तशी. काळ्या प्लास्टिकच्या कडेनं ओला सुस्कारा बाहेर पडत होता. अंगावर काटा आला माझ्या. खोटं कशाला सांगू? सुतार मागून आला, बघितलं आणि हातोडा तिथंच टाकून पळाला.

हिरूबाई तेवढ्या पुढे आल्या. साठीच्या, आगरी, इथल्याच गावच्या. त्यांनी खाली बसून जाळीवर तळहात ठेवला.

"बाला, भिऊ नको. पानी हाय खाली. आमची उघाडी व्हती हितं."

"उघाडी म्हणजे, मावशी?"

"बांधाचा दरवाजा. उधानाचं पानी आत घ्यायचा नी सोरायचा. माझा सासरा उघरायचा. तुमी वर माती टाकलीव. पानी वाट इसरत नाय."

म्हणजे ही जमीन पूर्वी भातखाचर होती, त्यांचीच. जमीन संपादनात गेली. आता त्याच जमिनीवर त्या रोजंदारीनं घमेली वाहत होत्या. अमावास्येचं उधाण दुपारीच चढतं. बुजवलेल्या दरवाजातून पाणी भरावात शिरत होतं आणि हलका थर्माकोल वर उचलत होतं. एका वाक्यात सुटलेलं कोडं.

मी कदमांना म्हणालो, "साहेब, इथं खोदून बघू या."

"ए डिप्लोमा! भराव उपसायचा, परत भरायचा, कोण करणार? तुझा बाप?"

तोवर मजुरांनी चपला घातल्या होत्या. जमीन जिवंत झाली म्हणून कुणी आत यायला तयार नव्हतं. कदमांना कुणीतरी दोषी हवं होतं. त्यांनी हिरूबाईंकडे बोट केलं.

"हिनं हात ठेवला तेव्हाच हललं ना? हीच करते. जमीन गेली त्याचा सूड घेते. चल, नीघ!"

"आरं, हात ठेवायच्या आधीपास्नं हलतंय. या पोराला इचार."

सगळे माझ्याकडे वळले. मी खाली बघितलं.

हिरूबाई गेल्या. भरती ओसरली, जाळी शांत झाली. "बघा, गेली बाई, गेलं भूत," कदम म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीत नारळ फुटला, चार कोपऱ्यांना लिंबं ठेवली आणि स्लॅब ओतला. तयारी तपासल्याची सही माझी.

दुपारी पुन्हा उधाण चढलं. ओल्या काँक्रीटखालून बुडबुड ऐकू येऊ लागली. फळ्यांच्या सांध्यांतून राखाडी पाणी झिरपलं. सिमेंट वाहून चाललं होतं. पुढे सुकलेल्या स्लॅबवर टिकाव आपटला, तर मडक्यासारखा पोकळ वाजला. शेठनी गाडी आत घेतली त्याच आठवड्यात मागचं चाक जमीन फोडून खाली गेलं. तेव्हा कुठं खोदलं. चार फुटांवर दगडी चौकट निघाली, लाकडी फळी अजून खाचेत उभी. फळीच्या फटीतून खाडी आत येत होती.

ती चौकट बघून कदम काय म्हणाले असतील? "म्हातारीनं शाप दिला, म्हणून फुटला."

आणि मजूर रोज सकाळी कामाची वाट बघत उभे राहतात त्या नाक्यावर तेच पसरलं. आज ऐरोलीत कुणी मुकादम हिरूबाईंना टेम्पोत घेत नाही. बायका त्यांच्यापासून मुलं लपवतात. मी नोकरी सोडली, नाक्यावर उभा राहून खरं सांगितलं. लोक म्हणाले, तुझ्यावरही केलंय तिनं.

धंद्यातला धडा एवढाच, की भराव घालण्याआधी खाली काय होतं ते गावातल्या माणसाला विचारावं. थर्माकोलपेक्षा ते स्वस्त पडतं.

पण तुमच्याकडे माझं मागणं वेगळं आहे. नवी मुंबईत जो तो काही ना काही बांधतोय. तुम्हीही मजूर घ्यायला नाक्यावर याल. मुकादम कानात सांगेल, "ती म्हातारी नको." तेव्हा माझ्यासारखं खाली बघू नका. त्याच्यासमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं हिरूबाईंचं नाव घ्या आणि सगळ्यांत आधी त्यांना कामावर घ्या.