थाळीला हुंकार

सावळीरामबाबा नाशिककडच्या पेठ तालुक्यातले कथेकरी. काशाच्या थाळीत मधोमध मेणाने एक काडी उभी चिकटवायची आणि ती चिमटीत धरून बोटं वरून खाली ओढत राहायची. थाळी घुमू लागते. त्या घुमण्यावर बाबांनी चाळीस वर्षं कथा सांगितल्या. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. आता कुजबुजतात तेवढंच. थाळी त्यांनी फडक्यात बांधून ठेवली होती. "कथा नाय तं थाळी कशाला? जेवू तिच्यात?"

माझी भाची निकिता नाशिकला असते आणि असले घुमणारे आवाज गोळा करत फिरते. तिने सातपूरच्या एका रिकाम्या गोदामात कार्यक्रम ठरवला. जमिनीवर चटया, चार कोपऱ्यांत स्पीकर. लोकांनी आडवं पडून आवाज पाठीतून ऐकायचा. मी म्हटलं, तिकीट काढून झोपायची सोय बरी आहे. शब्द नकोत, नुसती थाळी हवी, असं तिने बाबांना सांगितलं तेव्हा मात्र मला तिचा रागच आला. दुखरी जागा नेमकी दाबली पोरीने. पण बाबा तयार झाले. आपण अजून कथेकरी उरलोय का, हे त्यांना बघायचं होतं.

रविवारी दुपारी ते आणि त्यांची बायको कुसाबाई आले. बाबांनी काडीवरून बोटं ओढली. आवाज माझ्या बरगड्यांत उतरला, मग दाढांत. माझी थट्टा मी मुकाट्याने गिळली. आणि दहाएक मिनिटांत बाबा थांबले.

लोकांना वाटलं, संपलं. मला बाबांचा पडलेला चेहरा दिसत होता. त्यांच्याकडे कथेला हुंकारी लागतो. ओळ संपली की त्याने "हं" म्हणायचं, मगच कथा पुढे सरकते. हुंकार नाही म्हणजे ऐकणारं कोणी नाही. इथे तर सगळे डोळे मिटून गप्प पडलेले.

"निजली समदी," बाबा कुजबुजले आणि थाळी बांधायला लागले.

निकिता समजावू लागली, तर कुसाबाईंनी तिला हातानेच अडवलं. त्या बाबांसमोर मांडी घालून बसल्या. "चालू द्या," म्हणाल्या. मी पाहिलेल्या गावच्या बैठकींत त्या कायम मागे, चहाच्या पातेल्यापाशी असत.

बाबांनी पुन्हा काडी धरली. थोड्या वेळाने कुसाबाई म्हणाल्या, "हं." कधी लागोपाठ, कधी बराच वेळ नाहीच. एकदा त्यांनी पदर डोळ्यांना लावला. बाबा तासभर थांबले नाहीत.

त्यांना गावी नेणाऱ्या जीपपाशी मी म्हटलं, "मावशी, बरं सांभाळून घेतलंत त्यांना."

"सांभाळून काय? रुसलेल्या धानाची कथा सांगत व्हते ते."

बाबांचा हात दारावरच राहिला. "तुला कसं कळलं?"

"लेकरू भुकेनं रडतं ना, तिथं तुमचं बोट अडतं. पयल्यापासून."

"तू तं चहा करत असायचीस."

"चहा हातानं करतात," कुसाबाई म्हणाल्या.

बाबा तिथेच उभे राहून रडले.