भागाकाकूचं मौन

किस्से गोळा करावे लागत नाहीत. पायी चालायला लागलं की ते कुसळांसारखे धोतराला चिकटत येतात आणि घरी आल्यावर एकेक उपटत बसायचं! माहूरच्या वाटेवरच्या त्या एका दिवसाची कुसळं तर मला अजून टोचतात.

कापसाला सोन्याचं मोल आलं होतं ते दिवस. वलगावहून आम्ही दहा-बारा जण रेणुकेच्या दर्शनाला अनवाणी निघालो होतो. आमची शेजारीण भागाकाकू सोबत होती. काकूच्या तोंडाला सारं गाव भ्यायचं. दिवाळीत तिचं लेकाशी, किसनशी, कडाक्याचं भांडण झालं. "पुन्हा तोंड दाखवू नको!" असं ती बोलून गेली आणि किसन खरंच निघून गेला. कुणी म्हणे गाड्या हाकतो, कुणी म्हणे मुंबई गाठली.

काकू नवस बोलली, "ज्या जिभेनं लेक घालवला, ते जीभ माहूरच्या पायरीपर्यंत उचलनार नाई. माहा किसन घरी येऊ दे." वाटेत एक शब्द जरी निघाला, तरी नवस मोडला!

\*

बडनेरा मागं पडलं आणि तिचा नवरा, संपतकाका, बोलायला लागला. लग्नापासूनचं साठलेलं! बैल, भाऊबंदकी, सासुरवाडीचा मानपान, काही शिल्लक ठेवलं नाही.

मी म्हटलं, "काका, जरा दम घ्या."

"आता बोलून घेतो बाप्पा! परतीच्या वाटेवर मले कोन बोलू देते?"

काकूनं नुसतं वळून पाहिलं. काका पुढच्या गावापर्यंत गप्प!

\*

आमचा म्होरक्या गोंदाजी. त्यानं "आई राजा!" म्हटलं की सगळ्यांनी "उदो उदो!" म्हणायचं. जन्मभराची सवय ती, तोंड आपोआप उघडतं. पहिल्याच हाकेला काकूचे ओठ हलले आणि आम्ही सगळे तिच्याकडे वळलो. तिनं दातांत पदर धरला आणि हातातले टाळ असे आपटले की गोंदाजीच दचकला.

त्यानंतर हाक आली की आम्ही देवीकडे कमी आणि काकूच्या तोंडाकडेच जास्त लक्ष द्यायचो.

\*

दुपारी बाभळीखाली टेकलो. गोंदाजी भाकरी सोडत होता. तेवढ्यात काकू उठली आणि तिनं त्याच्या कमरेत सणसणीत लाथ घातली! भाकरी एकीकडे, गोंदाजी दुसरीकडे.

"येड लागलं काय वं तुले?" तो ओरडला.

काकूनं बोट दाखवलं. तो बसला होता तिथं नांगी उगारलेला काळाकुट्ट विंचू!

गोंदाजी कंबर चोळत म्हणाला, "काकू, तू बोलत होती तवाच बरी होती!"

हसलो खरे, पण मनात आलंच. काकू लांब बसली असती तर ती ओरडली असती की नसती?

\*

तेव्हा वाटेत गाड्यांच्या मागून कापूस ओढणाऱ्या चोरांचा सुळसुळाट झाला होता. नाक्यावर शिपायानं आमची गाठोडी सोडायला लावली. काकूच्या गाठोड्यात निघाला कापूस!

"कुठून आणला?"

काकू गप्प.

"चोराचीच वाचा बसते! चल साहेबापुढं!"

संपतकाका हात जोडून सांगत होता, पण शिपाई ऐकेना. काकूनं शिपायानं धरलेला दंड सोडवून घेतला, तिथंच मातीत बसली आणि तळहातावर कापूस घेऊन देवीची वात वळली. मग दुसरी वळली. शिपाई पाहत राहिला. मग खाली वाकून हळूच म्हणाला, "बाई, एक माह्याही नावानं लावजा."

\*

दिवस कलला तसा समोरून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांचा तांडा आला. एवढी धूळ की सगळ्या गाडीवानांनी डोळ्यांपर्यंत फडकी गुंडाळलेली. एका गाडीवानानं बैलांना हाळी दिली आणि भागाकाकू जागच्या जागी थांबली.

तिनं संपतकाकाचा हात ओढून बोट दाखवलं.

"कापूसच तं हाय वं! काय पाहून राहिली?"

ती गाडी पुढं निघून गेली. काकूनं तोंड उघडलं. मी घाबरून ओरडलो, "काकू, नाही!" तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि पळत सुटली. गाडी गाठली आणि मागून लोंबणारा कापूसच मुठीत धरला.

"चोट्टे!" गाडीवानानं खाली उडी मारली. चाबकाचा कोरडा तिच्या हातावर बसला. ती हूं की चूं करीना. पुन्हा बसला. मूठ सुटेना. डोक्यावरचा पदर तेवढा घसरला.

तिसऱ्यांदा उचललेला कोरडा तसाच वर राहिला.

"माय?"

फडकं खाली आलं. किसन होता!

"माय, तू बोलली काऊन नाई वं? एक हाक तं मारायची!" तो रडायलाच लागला. संपतकाका सांगू गेला, पण आमच्यातला सगळ्यात बोलका माणूस, त्यालाच शब्द फुटेना. शेवटी गोंदाजीनं नवसाचं सांगितलं.

"पन मी आलो ना, माय! आता बोल! शिव्या तरी दे! चाल घरी!"

काकूनं त्याच्या गळ्यातलं फडकं काढलं, धूळ झटकली, आपल्या रक्ताळलेल्या हाताला गुंडाळलं. त्याच्या तोंडावरून एकदा हात फिरवला आणि माहूरच्या दिशेनं चालू लागली. माहूर अजून कितीतरी मुक्काम दूर होतं.

किसननं मागच्या गाडीवानाला आपली गाडी सांभाळायला सांगितली. पायातल्या वहाणा काढून गाडीत टाकल्या.

पुढून गोंदाजीनं हाक दिली, "आई राजा!"

आम्ही सगळे काकूकडेच पाहत होतो. काकूचे टाळ वाजले, आणि मागून एकट्या किसनचा आवाज आला, "उदो उदो!"