चौकोनी कडी

माझी वहिनी सुताराची लेक. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा तिनं बंदूक जवळून कधी पाहिलीही नव्हती. घराच्या पुढच्या खोलीत बाबांचं बंदुका दुरुस्त करायचं दुकान होतं. खिडकीला दुहेरी गज, भिंतीत पोलादी कपाट आणि पडद्यांपर्यंत मुरलेला तेलाचा वास. दादानं त्या धंद्यात कधी लक्ष घातलं नाही, तो कचेरीत चिकटला. वहिनी मात्र बाबांचा चहा घेऊन दुकानात जायची आणि कप रिकामा झाला तरी तिथून हलायची नाही.

एकदा एक गिऱ्हाईक तडकलेली मूठ घेऊन आलं. बाबांचा लोखंडात हातखंडा, पण लाकडापुढे ते हात टेकायचे. वहिनी म्हणाली, "बाबा, मी करून बघू?"

"बघ बाई," बाबा म्हणाले, ते नुसतं तोंडदेखलं.

तिनं अक्रोडाच्या लाकडाची मूठ कोरून दिली. गिऱ्हाईकानं ती हातात घेतली आणि खाली ठेवायलाच तयार होईना. तेव्हापासून लाकूडकाम तिचं झालं आणि तिचं नाव पडलं मूठवाली. माप घ्यायची तिची रीत निराळी होती. समोरच्याशी हात मिळवायची आणि सोडायचीच नाही. डोळे मिटून तळव्याची गादी, अंगठ्याचं बूड, करंगळीची लांबी चाचपत बसायची. भलेभले लाजून लाल व्हायचे. दादा म्हणायचा, "माझा हात हिनं लग्नातसुद्धा एवढा वेळ धरला नव्हता."

मी तेव्हा नेमबाजीच्या स्पर्धांना जायचे. माझं रिव्हॉल्व्हर जुन्या घडणीचं होतं. प्रत्येक गोळीआधी अंगठ्यानं घोडा मागे ओढायचा आणि मगच चाप दाबायचा. चापाभोवतीची कडी बाबांनी उमेदीच्या काळात स्वतः घडवलेली. इतरांच्या कड्या मागून गोल असायच्या, ही चौकोनी, ताठ कोपऱ्याची. लांबून पाहणारासुद्धा ओळखायचा की हे काम कुणाचं.

पण गोळी सुटली की ते रिव्हॉल्व्हर मुठीतल्या मुठीत मागे लोळायचं आणि कडीचा कोपरा माझ्या मधल्या बोटाच्या सांध्यावर बसायचा. पुढेपुढे चाप दाबायच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले. निशाण भरकटलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "हत्यार चावत नसतं. तू बिचकतेस."

वहिनीनं मात्र जेवताना माझा हात पाहिला. एरवी ती मला अगं-तुगं करायची, रागावली की 'वन्सं' म्हणायची.

"वन्सं, बोट दाखवा."

सांधा सुजून सुपारीएवढा झाला होता. ती म्हणाली, "हे बिचकणं नाही, हा मार आहे."

तिनं आधी जाडसर मूठ केली. बोट वाचलं, पण अंगठा घोड्यापर्यंत पोचेना. दर वेळी पकड सोडायची, घोडा ओढायचा, पुन्हा पकडायचं. एकीकडे शिवावं तर दुसरीकडे उसवावं, असा प्रकार. दुसऱ्या खेपेला तिनं वरचा भाग बारीक ठेवला आणि कडीमागची पोकळी तेवढी लाकडानं भरली. हात खाली सरकला, पकड छान बसली. तरी दहातला एखादा फटका लागायचाच, आणि तो कधी लागेल ते ठाऊक नसल्यानं भीती होती तेवढीच राहिली.

शेवटी ती बाबांसमोर उभी राहिली. "बाबा, माझ्या लाकडाचं काम संपलं. कडीचा कोपरा गोल करायला हवा."

बाबांच्या कपाळाची शीर उठली. "तीस वर्षांत एकानं तक्रार केली नाही."

"तुमच्यापाशी कोण करणार? तुम्ही स्वतः हे शेवटचं कधी चालवलंत?"

बाबा उठून आत गेले. दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बूट चढवले आणि मला म्हणाले, "चल मैदानावर."

त्यांनी एक गोळी झाडली, मग दुसरी. वयानं त्यांची बोटं जाड झाली होती, सांधे वर आले होते. दुसऱ्या गोळीनंतर त्यांनी रिव्हॉल्व्हर रिकामं करून टेबलावर ठेवलं आणि डाव्या हातानं उजवं बोट दाबून धरलं.

"तरुणपणीही लागायचं," ते म्हणाले. "तेव्हा वाटायचं, सोसायचंच असतं."

कडी त्यांनीच घासली. वहिनीनं विचारलं होतं, "मी घासू का?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. थोडं घासायचे, वहिनीपुढे धरायचे. ती बोट फिरवून म्हणायची, "अजून." सासऱ्यानं सुनेला असं विचारत बसावं, हे आमच्या घरात नवीनच होतं. कोपरा गेला तेव्हा ते काम कुणाचं हे ओळखू येईनासं झालं. बाबांना ते लागलं असणार, पण बोलून दाखवलं नाही.

त्या वर्षी स्पर्धेत माझा चौथा नंबर आला. बक्षीस नाही मिळालं, पण एकदाही डोळे मिटले नाहीत.

बाबा गेल्यावर दुकानाचा परवाना परत केला. वहिनीनं रंधा, पटाशी ठेवून घेतली. आता तिच्याकडे कुबड्या घेऊन माणसं येतात, शिंप्यांच्या कात्र्या येतात, संधिवातानं बोटं वाकलेल्या बायका विळ्या-सुऱ्या आणतात. कालच एक आजोबा आपल्या काठीबद्दल संकोचून म्हणाले, "तशी फार नाही टोचत हो. सवय झालीय."

वहिनीनं त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. "बसा. कुठं टोचते तेवढं सांगा."