बर्फात ठेवलेली वांगी

वहिनींचा फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. मी वर्ध्यात घरी पेपर वाचत बसलो होतो. "भाऊजी, लवकर या. तुमचे दादा वांग्याच्या वाफ्यात बसले, उठून नाई राह्यले." देवळीच्या रस्त्याला ऑटो मिळेपर्यंत, आणि मिळाल्यावरही, माझ्या डोक्यात एकच चाललं होतं... आता नितीनला काय सांगायचं? सख्खा भाऊ तिकडे मातीत बसलेला आणि मला माझी पडली होती. ही लाज आधीच लिहून टाकतो, नंतर धीर होणार नाही.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. मी शाळेत कारकुनी करून निवृत्त झालो, त्याने देवळीजवळच्या दोन एकरांत जन्मभर भाजीपाला पिकवला. त्यातही जीव भरताच्या वांग्यांत. संध्याकाळी तोडा झाला की टोपल्यांवर ओलं पोतं टाकायचं, पहाटे पुन्हा पाणी शिंपडायचं आणि बाजारात पहिल्या गिऱ्हाइकाला सांगायचं, "आत्ता तोडली, बाई." ते खोटं तो इतक्या प्रेमाने बोलायचा की बाया हसून दोन वांगी जास्तच घ्यायच्या. दिवाळीनंतर एकदा बाजार अर्धा टाकून तो सरळ माझ्या घरी आला. थंडीच्या दिवसांत शर्ट घामाने चिंब. मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हृदयाच्या नळ्या तपासायला उशीर करू नका, याच आठवड्यात नागपूरला न्या. बाहेर येताच दादाने फाइल माझ्या पिशवीत कोंबली. "नितीन पाच वर्षांनी येऊन राह्यला. पोरीले बर्फ पाह्यचा हाय, सगळ्यायची तिकिटं काढली त्यानं. तो गेला की करू. त्याले सांगू नको, तुह्या वहिनीले बी नाई." मी म्हणालो, "अन् तिकडं काही झालं तर?" तो म्हणाला, "तू हायेस ना संगं." एवढ्यावर मी फाइल घरी नेऊन कपाटात ठेवली. खरं सांगायचं तर मलाही बर्फ पाहायचा होता.

नितीन, त्याचा एकुलता एक मुलगा, सिंगापूरला असतो. जानेवारीत बायको आणि नऊ वर्षांच्या इराला घेऊन आला. दोन दिवस गावात राहून आम्ही सगळे मनालीला निघणार होतो. निघायच्या आदल्या दिवशी दादाने नातीला वाफ्यातलं सगळ्यात मोठं वांगं दाखवलं. "हे बियाचं. याले कोणी तोडाचं नाई." आमच्याकडे अशा फळाला चिंधी बांधतात, म्हणजे तोडणाऱ्या बायकांचा हात तिकडे जात नाही. चिंधी सापडेना तेव्हा इराने आपल्या केसांतला नारिंगी रबर काढून देठाला गुंडाळला. दादा दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवत होता.

मनालीला त्याने पाच किलो वांगी नेली. हॉटेलच्या आचाऱ्याकडून सुनेला भरीत खाऊ घालायचं म्हणे! पहिल्या संध्याकाळी मला न विचारता त्याने ती पिशवी खोलीमागच्या बर्फात पुरून ठेवली. ओल्या पोत्याने रात्रभर ताजी राहतात, तर बर्फात किती राहतील, हा त्याचा हिशेब. सकाळी काढली तर दगड. दुपारपर्यंत ती सुटली, काळी पडली, पिशवीतून पाणी गळायला लागलं. नितीन पोट धरून हसला. दादाही हसला, पण मग पायरीवर बसून एकेक वांगं दाबून पाहत राहिला. "साठ वर्सं वांगी केली, मधू, अन् इतकं समजलं नाई मले."

त्याच दुपारी इराच्या हट्टापायी त्याने पायांना स्की बांधल्या. कानटोपी, धोतरावर भाड्याचा निळा कोट. वीसेक पावलं घसरत गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग तो बर्फात खाली बसला. हसत होता, पण एक हात कोटाच्या आत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. नितीन धावत आला, "बाबा, काय झालं?" आणि त्याच्या आधी मीच बोललो, "काही नाई रे, दमले. वय झालं आता." ते वाक्य मी किती सहज बोललो... दादाने माझ्याकडे बघून मान हलवली, जणू मी त्याच्यावर उपकारच केले. नितीनने धावत येण्याआधी मोबाइलवर काढलेला फोटो आज सगळे पाहतात. आजोबा बर्फात हसताहेत. तो हात कुणाला दिसत नाही.

नितीन दिल्लीहून परत गेला. आम्ही गाडीने वर्ध्याला आलो. नागपूरची तारीख मी घेतली होती, मंगळवारची. दादा त्याआधीच, शनिवारी गेला. नितीन एकटा आला. तेराव्यानंतर निघताना त्याने मला बाजूला घेतलं. "काका, बाबाले आधी काही त्रास होता का?" मी म्हणालो, "नाई रे." त्याने माझ्या पाया पडून बॅग उचलली.

शेत आता मक्त्याने दिलं. नवा माणूस वाफे मोडणार, म्हणून वहिनी मागच्या रविवारी म्हणाल्या, "भाऊजी, तेवढं बियाचं वांगं काढून आणा. इरा फोनवर विचारून राह्यली." गेलो. पिकून पिवळंधमक झालं होतं, वरून कुठे डाग नाही. बांधावर बसून कापलं तर अळीने आत सगळं पोखरलेलं. एकही बी धड नव्हतं. वहिनींना मी सांगितलं, बी चांगलं निघालं, वाळत घातलंय. हे तिसरं खोटं.

नितीन, पेपरची ही पुरवणी तू तिकडे फोनवर वाचतोस, म्हणून इथे लिहिलं. तोंडाने मला जमलं नाही आणि जमणारही नाही. मला माहीत होतं. फाइल माझ्या कपाटात आहे, वरच्या कप्प्यात. इराचा रबर मी त्या फाइलवरच चढवून ठेवलाय.