फाटकाबाहेरचे पाहुणे

मनीषनगरात आमच्या समोर राहणाऱ्या काकांना नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यांची पाळलेली कुत्री माजावर आली की ते तिला भर उन्हात फिरवायचे. तेव्हा गल्लीतले कुत्रे गाड्यांखाली झोपलेले असायचे. काकांच्या डोक्याला दुपट्टा, हातात काठी.

"काका, ऑपरेशन का नाही करत?" मी एकदा विचारलं.

"दिल कमजोर आहे तिचं. डॉक्टर म्हणते, भूल सोसणार नाही. मंग राखण मलेच करा लागते. पिल्लं झाले का सारे पाहाले येतात, न्याले कोणी येत नाही."

संध्याकाळी तेच कुत्रे फाटकाबाहेर ताटकळत बसायचे. काका कुलूप ओढून पाहायचे आणि त्यांच्यापुढे पाण्याचं घमेलं ठेवायचे. मला हसू आलं.

"हासतं काहून गा? पोरगी द्यायची नाही, म्हणून पाणीबी नाही इचारायचं?"